पट्टी पडली, पण कुठल्या बाजूने सुटली?

साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरलं की गाडीचे सगळे आवाज दुप्पट ऐकू येतात. २०२४ च्या जूनमध्ये ताई आणि दाजी कराडहून माझ्याकडे येत होते, तेव्हा त्याच बोगद्यात उजव्या बाजूने खडखड सुरू झाली. टायरच गेला, असं समजून दाजींनी शिरवळजवळ एका हॉटेलच्या आवारात गाडी घेतली. टायर ठणठणीत होते. चालकाच्या दारावरची काळी मोल्डिंगची पट्टी पुढून पूर्ण सुटली होती आणि मागच्या टोकावर कशीबशी लटकत होती. दाजींनी ती ओढून काढली आणि डिकीत टाकली. ती रागाने रस्त्याकडेला भिरकावली नाही, एवढं एक काम त्यांनी फार चांगलं केलं. पुढचा सगळा उलगडा त्या पट्टीच्या पाठीवरूनच झाला.

गाडी वॅगनआर, गडद करड्या रंगाची. ९ एप्रिलला पाडव्याच्या मुहूर्तावर घरी आली आणि पुढच्याच शनिवारी दाजी ती ॲक्सेसरीजच्या दुकानात घेऊन गेले. नवी गाडी, सोसायटीचं अरुंद पार्किंग, शेजारच्या गाडीचं दार उघडताना पत्र्याला बसणारे टोचे, असा हिशोब होता. त्यामुळे चार दारांना चार मोल्डिंगच्या पट्ट्या घेतल्या. दुकानात गेल्यावर माणूस एका गोष्टीवर थांबत नाही. डिकीच्या दाराला क्रोमचं गार्निश लागलं, मागच्या बंपरच्या कोपऱ्यांवर रोलमधून कापून देतात ती चंदेरी बीडिंग लागली आणि वर टेफ्लॉन कोटिंगही झालं. सकाळी कोटिंग, दुपारी पट्ट्या, संध्याकाळी गाडी घरी. ‘साहेब, एक वेळ पत्रा निघेल, पण पट्टी निघणार नाही,’ असं दुकानदार म्हणाला होता. दाजींना ते वाक्य पाठ आहे, अजूनही जेवताना ऐकवतात.

दोन महिन्यांत एक पट्टी हातात आली. बाकीचं पाहायला मी माझ्या पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन बसलो. डाव्या मागच्या दाराची पट्टी खालच्या कडेने सुटून हलत होती. उजव्या मागच्या दाराचा एक कोपरा नखभर उचलला होता. डिकीच्या गार्निशचं डावं टोक बोटाने दाबलं की आत जाई आणि सोडलं की वर येई. बंपरवरची बीडिंग दोन्ही कोपऱ्यांत पोटातून फुगली होती आणि टोकाला जवळजवळ बोटभर आखडली होती. डाव्या पुढच्या दाराची पट्टी मात्र जशीच्या तशी, हलवूनही हलत नव्हती. एकाच दिवशी, एकाच माणसाने, एकाच रिळातली दोन्हीकडून चिकटणारी टेप लावून केलेलं काम पाच ठिकाणी पाच तऱ्हेने वागत होतं.

दाजींनी फोन केला तर दुकानदाराचं म्हणणं असं की टेप कमी पडली. या, डबल मारून देतो, हवं तर टोकाला एकेक स्क्रू मारतो.

स्क्रूचं नाव काढल्यावर मला आमच्या लहानपणच्या प्रीमियर पद्मिनी आठवल्या. त्या काळच्या गाड्यांची चकचकीत पट्टी चिकटवलेली नसायची. पत्र्याला भोकं पाडून, त्यात क्लिपा बसवून ती अडकवलेली असायची. पट्टी कधीच पडत नसे, पण प्रत्येक भोकाच्या कडेला रंग उघडा पडे आणि पावसाळ्यात गंज आत शिरे. मुंबईतल्या जुन्या पद्मिनी टॅक्सींच्या दारांवर पट्टीच्या रेषेत फोड आलेले अनेकांनी पाहिले असतील. १९८० मध्ये थ्रीएम कंपनीने व्हीएचबी नावाची ॲक्रिलिक फोमची टेप बाजारात आणली, पुढे इतरांच्याही तशा टेपा आल्या आणि भोकं न पाडता पट्टी बसवणं सोपं झालं. चाळीसेक वर्षांनी त्याच पत्र्यात पुन्हा स्क्रू घालायचा म्हणजे उलटा प्रवास. शिवाय दाराच्या पत्र्यामागे काच वर-खाली करणारी यंत्रणा असते. नेमका कुठे किती लांबीचा स्क्रू जाईल हे दुकानात कोण मोजतं?

टेप कमी पडली का?

हे तपासणं सोपं होतं, म्हणून तेच आधी केलं. डिकीतली पट्टी ताईच्या केकच्या काट्यावर ठेवली तर १२० ग्रॅम भरली. लांबी ९० सेंटिमीटर. पाठीवर एकेक सेंटिमीटर रुंदीच्या दोन टेपा, म्हणजे साधारण १८० चौरस सेंटिमीटर चिकटणारी जागा. चांगल्या ॲक्रिलिक फोम टेपसाठी वापरतात तो ढोबळ नियम असा, की कायम लटकणाऱ्या प्रत्येक किलोला ५५ चौरस सेंटिमीटर टेप हवी. म्हणजे १२० ग्रॅमला सात चौरस सेंटिमीटरही पुरे. इथे तर वीसपटीहून जास्त टेप होती. दुकानातली टेप निम्म्या ताकदीची धरली, अगदी पावपट धरली, तरी वजनाने ही पट्टी पडायचं काही कारण नव्हतं. त्यामुळे टेप डबल मारल्याने काहीच सुधारलं नसतं.

वाऱ्याचा आणि वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याचा जोर वजनापेक्षा जास्त असतो, हे खरं. पण तो जोर पूर्ण चिकटलेल्या पट्टीला सोलू शकत नाही. सोलायला आधी एक कड उघडी मिळावी लागते. ही कड कोणी उघडून दिली, एवढंच शोधायचं होतं.

पाठ वाचणं

टेप तीन ठिकाणी हरू शकते: रंगाच्या बाजूला, पट्टीच्या प्लास्टिकच्या बाजूला, किंवा स्वतःच्या पोटात. कुठे हरली हे सुटलेल्या जागेकडे पाहून कळतं. त्यासाठी काही उपकरण लागत नाही, फक्त ती जागा पुसून टाकायच्या आधी पाहावी लागते. बहुतेक लोक नेमकं हेच करत नाहीत. पट्टी सुटली की पहिला हात रॉकेलच्या बोळ्याकडे जातो आणि पुरावा पुसला जातो.

चालकाच्या दारावर रंग स्वच्छ होता. टेपचा एक कणही नव्हता, सगळी टेप पट्टीच्या पाठीवर सलग. म्हणजे टेपचं प्लास्टिकशी जमलं होतं आणि रंगाशी मुळातच जमलं नव्हतं. मी त्या जागेवर आणि छतावर पाण्याचे थेंब सोडले. अळूच्या पानावर पडावं तसं पाणी गोळा होऊन घरंगळलं. सकाळी केलेल्या कोटिंगचं कामच ते आहे: पाणी, धूळ, चिखल, काहीही रंगाला धरून राहू नये. टेपही त्या ‘काहीही’मध्ये येते. पट्ट्या आधी लावून कोटिंग नंतर, तेही पट्ट्यांच्या कडा सोडून केलं असतं, तर ही भानगड झालीच नसती. पण दुकानात कोटिंगचा माणूस सकाळी येतो, म्हणून क्रम तसा लागला.

मग डाव्या पुढच्या दाराला तेच कोटिंग असून ती पट्टी का टिकली? यावर मी बराच वेळ घालवला. कराडला गाडी जिथे उभी असते तिथे डावी बाजू भिंतीला लागून सावलीत आणि उजवी बाजू पश्चिमेच्या उन्हात असते. एप्रिल-मेच्या दुपारी गडद रंगाचा पत्रा ६० अंशांच्या वर सहज जातो आणि रात्री २०-२२ पर्यंत उतरतो. पट्टी एबीएस प्लास्टिकची, दार पोलादी पत्र्याचं. एबीएस तापल्यावर पोलादाच्या सहा-सातपट वाढतं. ९० सेंटिमीटरच्या पट्टीत ४५ अंशांच्या फरकाला हे अंतर पावणेतीन मिलिमीटर येतं, म्हणजे मध्य स्थिर धरला तर प्रत्येक टोकाला जवळजवळ दीड मिलिमीटर. रोज दुपारी टोक दीड मिलिमीटर पुढे सरकू पाहतं, रोज रात्री मागे येतं. ॲक्रिलिक फोम हे ताणून सहन करतो. जाडीच्या तिप्पट सरकणं त्याला चालतं. पण रंगाशी जेमतेम पकड असलेली टेप ताणली न जाता हळूहळू घसरते. म्हणजे कोटिंग दोन्ही बाजूंना होतं, पण रोजची ही ओढाताण उजव्या बाजूलाच होत होती. माझा हा निष्कर्ष एका गाडीपुरता आहे, पण उजव्या मागच्या दाराचा उचललेला कोपराही त्याला धरूनच आहे.

डाव्या मागच्या दाराचा प्रकार वेगळा निघाला. तिथे टेप मधूनच चिरली होती: अर्धा पांढरा स्पंज रंगावर, अर्धा पट्टीवर. गोंद दोन्ही बाजूंनी धरून होता, फोमचंच पोट फाटलं होतं. ही टेप पॉलिथिलीन फोमची. घरात भिंतीवर आरसा किंवा हूक लावायला मिळते तिची ही बहीण. स्वस्त, पांढरी, हलकी, दाबली की लगेच फुगणारी. तिच्यावरचा गोंद बहुतेक वेळा रबरी असतो आणि पहिल्याच क्षणाला घट्ट धरतो, म्हणून दुकानदाराला आणि गिऱ्हाइकालाही ती भारी वाटते. ॲक्रिलिक टेपचं उलटं असतं. ती सुरुवातीला आळशी वाटते, पकड पुढच्या तासांत आणि दिवसांत वाढत जाते, पण उन्हात टिकते. बाजारात हल्ली दोन्हींवर लाल फिल्म असते, तेव्हा फिल्मच्या रंगावर जाऊ नये. बोटांच्या चिमटीत दाबून पाहावी. ॲक्रिलिक फोम जड, रबरासारखा लागतो आणि दाबलेला खड्डा सावकाश भरून येतो. फाटायला नेमकं हेच दार का, याचं उत्तर दाजींच्या रविवारी होतं. दर रविवारी गाडी वॉशिंग सेंटरला जाते आणि तिथला मुलगा मागच्या चाकाच्या कमानीतला चिखल काढताना फवारा टेकवल्यासारखा जवळ धरतो. ते पाणी पट्टीच्या खालच्या कडेत घुसत होतं.

डिकीचं गार्निश मी हेअर ड्रायरने गरम करून पूर्ण काढलं. टेप सगळी गाडीवर राहिली आणि गार्निशची पाठ कोरी करकरीत निघाली, म्हणजे पहिल्या दाराच्या बरोबर उलट. पाठीवर बारीक अक्षरं उठवलेली होती: पीपी. प्लास्टिकच्या भागांवर असा शिक्का असतो आणि तो वाचायची सवय लावून घ्यावी. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या बादल्या आणि डबे बनतात ते. मेणचट स्पर्शाचं. त्याला रंगही नीट धरत नाही आणि गोंदही नाही. बादलीवर चिकटवलेली किमतीची चिठ्ठी कशी अख्खी सोलून निघते ते आठवा. अशा प्लास्टिकवर आधी प्रायमरचा पातळ हात मारल्याशिवाय टेप लावणं व्यर्थ. मोल्डिंगच्या पट्ट्यांवर एबीएसचा शिक्का होता, म्हणून तिथे ही बाजू शाबूत राहिली.

बंपरवरच्या बीडिंगचा दोष पाहताक्षणी कळला. रोलमधली बीडिंग मऊ पीव्हीसीची असते. वळणावर सुरकुती पडू नये म्हणून लावणारा ती ओढून, ताणून बसवतो. त्या वेळी फार सुबक दिसते. पण ताणलेलं पीव्हीसी ऊन लागलं की मूळ लांबीला परत येऊ पाहतं. टोकं आखडतात, वळणावरची पट्टी आतला रस्ता धरून पत्र्यापासून उचलते. त्यात मऊपणासाठी पीव्हीसीत घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू गोंदात उतरतं आणि गोंद चिकट लगदा होतो. त्या कोपऱ्यात बोट लावलं तर काकवी लागल्यासारखं झालं. हिचं काही करता येण्यासारखं नव्हतं. ती काढली आणि दाजींना सांगितलं, ‘ही परत लावू नका.’ दाजींना आवडलं नाही. सगळ्यात स्वस्त वस्तू तीच होती आणि त्यांच्या मते सगळ्यात शोभिवंतही तीच.

चार महिने काही केलं नाही

जून-जुलैत पुन्हा पट्ट्या लावायचा दाजींचा आग्रह होता. मी ऐकलं नाही. पावसाळ्यात पत्र्यावर दवासारखा ओलावा बसतो, तो दिसत नाही, आणि दारांच्या फटींतून पाणी ठिबकत राहतं. टेप आणि रंग यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहिला तर गोंद रंगापर्यंत पोचतच नाही. सुटू लागलेल्या पट्ट्या काढून ठेवल्या आणि गाडी चार महिने बोडकी फिरली.

काढण्याच्या कामाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण रंगाचं नुकसान बहुतेक वेळा लावताना नव्हे, काढताना होतं. पत्रा हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतपत कोमट केला. गळाला वापरतात तो नायलॉनचा दोरा पट्टीमागे घालून करवतीसारखा पुढेमागे ओढला. स्क्रूड्रायव्हर किंवा पातं घालून उचकटायचं नाही. क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, एक ओरखडा आला की तो आयुष्यभर दिसतो. दोऱ्याने कापल्यावर रंगावर राहिलेला फोम अंगठ्याने मळून, गोळ्या करून काढला. हे कंटाळवाणं आहे आणि अंगठा दुखतो. शेवटच्या चिकटपणाला नीलगिरीचं तेल लावून दोन मिनिटं ठेवलं आणि पुसलं. मग ते तेलही धुऊन टाकलं, कारण टेपच्या दृष्टीने तेही कोटिंगचंच भावंड.

दसऱ्यानंतर

काम ठरलं १२ ऑक्टोबरच्या दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, कराडला. दसऱ्याच्या आधी करण्यात अर्थ नव्हता, कारण त्या दिवशी गाडी चकचकीत शांपूने धुतली जाते, हार चढतो, कुंकवाची बोटं उमटतात. ऑक्टोबरची हवा या कामाला बरी. कोरडी, आणि सकाळी दहाला पत्रा साधारण २८-३० अंशांवर. टेप लावायला २१ ते ३८ अंश हा चांगला पट्टा मानतात आणि १० अंशांच्या खाली सहसा लावूच नये म्हणतात. आपल्याकडे थंडीपेक्षा उन्हाची अडचण मोठी. भर दुपारी रस्त्यावर तापलेल्या पत्र्यावर दुकानात जे लावतात, ते पहिल्याच मिनिटापासून ताणात असतं, कारण पत्रा तापून वाढलेला आणि पट्टी पिशवीतून काढलेली थंड.

सामान थोडंच: एक सेंटिमीटर रुंद आणि १.१ मिलिमीटर जाड करडी ॲक्रिलिक टेप, मास्किंग टेप, मोजपट्टी, चार स्वच्छ सुती फडकी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे अल्कोहोल केमिकलच्या दुकानात मिळतं. दाजींनी कोविडच्या काळातली सॅनिटायझरची अर्धी बाटली पुढे केली, ‘हेही अल्कोहोलच की!’ पण हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते रंगावर मागे राहतं. थिनरही नको. तो प्लास्टिक विरघळवतो आणि नंतर रंगकाम झालेला पत्रा असेल तर रंगही उचलतो.

आधी मेण नसलेल्या साध्या शांपूने दारं धुतली. तरी थेंब गोळा होतच होते. कोटिंग नुसत्या धुण्याने जात नाही. पट्टीच्या मागे झाकल्या जाणाऱ्या जागेपुरतंच मास्किंग टेपच्या दोन रेषांमध्ये बारीक पॉलिशने हलक्या हाताने घासलं, पुसलं, पुन्हा थेंब सोडले. तीन वेळा हे करावं लागलं. तिसऱ्या वेळी पाणी गोळा न होता पातळ चादरीसारखं पसरलं. पूर्ण कामातली सगळ्यात महत्त्वाची वेळ ही आणि बाहेरून पाहणाऱ्याला या वेळी काहीच घडताना दिसत नाही. भाचा कंटाळून क्रिकेट खेळायला गेला.

मग अल्कोहोल आणि पाणी निम्मेनिम. एका फडक्याने ओलं करायचं, ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने एकाच दिशेने पुसायचं. एकाच फडक्याने गोल गोल पुसलं तर मळ जागच्या जागी फिरतो, निघत नाही. पट्टीची पाठही तशीच पुसली. गार्निशच्या पीपीच्या पाठीवर थ्रीएमचा ९४ क्रमांकाचा प्रायमर पातळ लावून सुकू दिला. तो फक्त टेपच्या वाटेवर लावायचा, बाहेर सांडला तर डाग राहतो.

रेषा आखताना उंची जमिनीपासून मोजायची नाही, दाराच्या खालच्या कडेपासून मोजायची, कारण पार्किंगची फरशी सपाट असतेच असं नाही. पुढचं आणि मागचं दार बंद ठेवून एक सलग मास्किंग टेप लावली आणि मग फटीपाशी कापली. बिजागरीच्या बाजूला पट्टीचं टोक कडेपासून एक सेंटिमीटर आत ठेवलं. मागचं दार उघडताना त्याची पुढची कड किंचित आत वळते. जाड पट्टी कडेला भिडवली तर ती पुढच्या दाराच्या काठाला घासते. दुकानात ती भिडवलेली होती आणि तिथे रंगावर एक केसभर ओरखडा आलाच होता. पट्टी नुसती धरून, दार तीनदा उघडून-मिटून पाहिलं. दाराच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोकं असतात, तीही तपासली. आपली पट्टी वर होती, पण खालच्या कडेला गुंडाळणारी बीडिंग लावणारे ती भोकं हमखास बुजवतात. मागच्या बाजूला काही लावायचं तर पार्किंग सेन्सर, रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट यांच्यापासून लांब राहावं. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत आणि त्यांच्या समोर उठाव आला तर ते विनाकारण बोंबलतात किंवा गप्प बसतात. छतावरच्या चिकटवायच्या रूफ रेलबद्दलही जाता जाता: त्या शोभेच्या असतात, त्यांना सामान बांधायचं नसतं. घाटात एकदा एकाची गादी उडताना पाहिली आहे.

लाल फिल्म एकदम सोलली की पट्टी हातातच जीव घेते, कारण पहिला स्पर्श होईल तिथेच ती बसते. म्हणून दोन्ही टोकांना पाच-पाच सेंटिमीटर फिल्म सोलून बाहेरच्या बाजूला दुमडली, पट्टी रेषेवर टेकवली, नीट दिसतेय ना हे दाजींनी चार पावलं मागे जाऊन पाहिलं, आणि मग बाहेर आलेल्या शेपट्या धरून मागची फिल्म हळूहळू ओढून घेतली. दाजी म्हणाले, ‘अर्ध्या मिनिटाचं काम की हो!’ तीन तास झाले होते.

दाब किती द्यायचा, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. हा गोंद दिसायला घट्ट असला तरी तो अत्यंत दाट काकवीसारखा सावकाश वाहतो आणि रंगाच्या बारीक खाचखळग्यांत उतरतो. तो उतरायला दर चौरस सेंटिमीटरला किलोभर दाब हवा. ताईच्या काट्यावर दाजींना अंगठा दाबायला लावला. त्यांचं ‘घट्ट’ सव्वा किलो भरलं, आणि अंगठ्याखाली एकाहून जास्त चौरस सेंटिमीटर जागा येते, म्हणून तेवढं पुरत नव्हतं. मग पाच किलो दाबलं की हाताला काय वाटतं ते त्यांना कळलं आणि तसं बोटभर-बोटभर अंतरावर पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा दाबत गेलो. दाराच्या मधोमध पत्रा लवचीक असतो, तिथे जोर जरा सांभाळून. लाटणं वापरायची दाजींची सूचना ताईने फेटाळली.

त्यानंतरचा नियम पाळणं सगळ्यात अवघड गेलं: तीन दिवस धुवायचं नाही. खोलीच्या तापमानाला ॲक्रिलिक टेप वीस मिनिटांत साधारण निम्मी पकड घेते, एका दिवसात नव्वद टक्के आणि पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. म्हणजे दुकानातून संध्याकाळी गाडी नेऊन दुसऱ्या दिवशी फवाऱ्याखाली धरणारा माणूस अर्धवट कामावर पाणी मारत असतो. तो रविवार दाजींनी फडकं हातात धरून, पण न पुसता काढला. त्यानंतर वॉशिंग सेंटरच्या मुलाला फवारा निदान फूटभर लांब धरायला सांगितलं. तो धरतो, दाजी उभे असेपर्यंत.

एक वर्षानंतर

२०२५ चा मे महिना उन्हाची परीक्षा घ्यायला मिळालाच नाही. पाऊस त्या वर्षी महाराष्ट्रात २५ मेच्या सुमारासच येऊन ठेपला. पण एप्रिल पुरेसा तापला होता आणि गाडी त्याच जागी, उजवी बाजू पश्चिमेला करून उभी होती. चारही दारांच्या पट्ट्या नख घालून तपासल्या. कुठेही कड उचललेली नव्हती. डिकीचं गार्निशही टिकलं, प्रायमरमुळे. बंपरचे कोपरे बोडकेच आहेत. मागच्या उजव्या दाराची पट्टी पुढच्यापेक्षा दोन मिलिमीटर वर बसली आहे. ते मला दिसतं, ताईला दिसतं, दाजी नाही म्हणतात.

ज्या कामासाठी पट्ट्या लावल्या, त्याचा निकाल मात्र निराळा लागला. पावसाळ्यात शेजारच्यांनी उंच एसयूव्ही घेतली आणि गणपतीच्या आठवड्यात उजव्या पुढच्या दाराला पहिला टोचा बसला, पट्टीच्या बराच वर. मी रेषा आखली होती ती वॅगनआरच्या दारावर जिथे शोभेल तिथे, पार्किंगमध्ये शेजारी कोण उभं राहतं ते न मोजता. नंतर मोजलं. आमच्या पट्टीचा मध्य जमिनीपासून ५६ सेंटिमीटरवर आहे. शेजाऱ्यांच्या दाराची सगळ्यात पुढे आलेली कड ७१ सेंटिमीटरवर.